योगवर्गातून शवासनाआधी निघून गेले तर चालते का?

पुढच्या आठवड्यापासून कोल्हापुरात सकाळच्या योगवर्गाला जायचे आहे, तर सोबत काय न्यावे, कसे वागावे आणि कामावर वेळेत पोहोचण्यासाठी शेवटचे शवासन, म्हणजे उताणे निश्चल पडून अंग सैल सोडण्याचे आसन, सोडून निघाले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणीही देईल. तिसऱ्याचे मी देते: शवासन चालू असताना उठून जाणे मला मुळीच मान्य नाही.

रंकाळ्याजवळच्या एका सभागृहात आमचा वर्ग भरतो. तेथे एक ज्येष्ठ गृहस्थ येत असत. त्यांना सगळे काकाच म्हणत. आसने ते उत्तम करीत, पण शिक्षकांनी ‘डोळे मिटा, शरीर सैल सोडा’ असे म्हटले की काका उठत. मॅट झटकून गुंडाळायची, पिशवीची चेन ओढायची, किल्ल्या चाचपायच्या आणि आडव्या पडलेल्या माणसांच्या डोक्यांमधून वाट काढत दार गाठायचे. मग खिडकीखाली त्यांच्या मोटारसायकलला किक बसायची. माझ्या शेजारी एक बाई असत. पतीच्या निधनानंतर त्यांची झोप उडाली होती आणि दिवसभरात स्वस्थता लाभते ती एवढ्या दहा मिनिटांतच, असे त्या सांगत. काकांचे पाऊल उशाशी पडले की त्या दचकत आणि उरलेला वेळ छताकडे पाहत पडून राहत.

शेवटी मी काकांना जिन्यात गाठले. “शवासन म्हंजे झोपच की! ती घरात बी मिळती. झोपायला पैसे भरल्यात व्हय मी?” असे म्हणून ते निघून गेले. शिक्षकांनी हे ऐकले, पण ते काहीच बोलले नाहीत, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

शवासन म्हणजे झोप नव्हे. हठप्रदीपिका या हठयोगावरील जुन्या ग्रंथात त्याची गणना आसनांतच केली असून, ते थकवा घालवणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय काका कुस्तीच्या तालमीत घडलेले. मातीला हात लावून तो कपाळी टेकवल्याशिवाय हौद्यात न उतरणारा, जोडीदाराला ओरखडा उठू नये म्हणून नखे कापून येणारा माणूस योगवर्गात शेजारच्याचा एवढाही विचार करत नाही, हे मला आजही पटत नाही. तालमीत वस्तादांचा धाक असतो, येथे तो नसतो, म्हणून वागण्यात फरक पडावा का?

तेव्हा आपल्याला निघावेच लागणार असेल तर शिक्षकांना आधी सांगावे, दाराजवळची जागा घ्यावी आणि शवासन सुरू होण्यापूर्वीच आवाज न करता बाहेर पडावे. रोजच घाई होणार असेल तर त्याआधीची बॅच धरावी. यायला उशीर झाल्यास सुरुवातीचा ओंकार संपेपर्यंत बाहेर थांबावे.

बाकीचे थोडक्यात. कपडे सैल व सुती असावेत, मॅट आणि नॅपकिन स्वतःचा असावा. अत्तर लावून येऊ नये, कारण प्राणायामात सगळा वर्ग तोच वास छातीत भरून घेतो. मिसळ वर्गानंतर खावी, आधी नाही. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गर्भारपण असल्यास कपालभातीपूर्वीच (पोटाला झटके देत जोराने श्वास सोडण्याची क्रिया) शिक्षकांना सांगावे. शिक्षकांनी हात लावून आसन दुरुस्त करणे नको असेल तर तेही संकोच न बाळगता पहिल्याच दिवशी बोलावे.

एक मात्र नमूद करते. शवासनात कोणाला घाबरल्यासारखे झाले, कंबर दुखू लागली किंवा घरी आजारी माणूस असल्यामुळे फोन घ्यावा लागला, तर त्याला माझा आक्षेप नाही. अशा वेळी झटकन उभे राहू नये, चक्कर येऊ शकते; कुशीवर वळून, क्षणभर बसून मगच उठावे, आणि मॅट तशीच ठेवून बाहेर जावे. ती नंतर गुंडाळता येते.