संधिवाताची आणि पोटाची गोळी एकत्र असलेली घ्यावी की वेगवेगळी?

डॉक्टरांनी आईला नेप्रोक्सेन (दुखण्याचं) आणि इसोमेप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारं) एकत्र असलेली गोळी लिहून दिलीय म्हणताय ना? मग घ्या की. आमच्या आबांना कुणी लिहून दिली नव्हती, कारण आबा डॉक्टरकडं गेलेच नव्हते.

आबा तालमीतले. गुडघे कामातनं गेले तरी रोज कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाणारच. औषधाच्या दुकानातनं डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्याचीच गोळी, आणायचे, दोन महिने दोन्ही वेळा. आमचे दाजी सांगायचे, "मामा, धारोष्ण दुधाबरोबर घ्या, पोटाला काय होत नाही." एक दिवस आबा जिन्यात बसले ते उठेनातच. आठवडाभर शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण सांगायचं कुणाला? हिमोग्लोबिन ७. दुर्बीण घातली तर जठरात व्रण. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या.

दाजी आजही म्हणतात, तांबड्या रश्श्यानं झालं.

अहो, रस्सा आबा पन्नास वर्षं ओरपत होते! डायक्लोफिनॅक काय नि नेप्रोक्सेन काय, या दुखण्याच्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत. त्यानं सूज-दुखणं उतरतं, पण जठराचं अस्तर सांभाळणारंही तेच असतं. ते औषध रक्तातनं काम करतं, इंजेक्शननं घेतलं तरी व्रण होऊ शकतो. तिथं दूध काय अडवणार?

तर तुमची गोळी. तिचं बाहेरचं इसोमेप्राझोल आधी विरघळतं, आतलं नेप्रोक्सेन पुढं आतड्यात सुटतं. म्हणून तोडायची नाही, चावायची नाही, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. वेगळ्या दोन घेतल्या तरी पोट सांभाळलं जातं, फक्त माणसं दुखण्याची तेवढी घेतात आणि पोटाची डब्यात ठेवतात. आई तशातली असेल तर एकत्रच बरी. नेमानं घेणारी असेल तर वेगळ्या चालतील का, हे डॉक्टरांनाच विचारा.

एक राहिलंच. यात पोटाचा धोका कमी होतो, जात नाही. मूत्रपिंड आणि हृदयाला तर काहीच संरक्षण नाही. बीपी असेल, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. डायक्लोफिनॅकबरोबर पोट सांभाळणारं मिसोप्रोस्टॉल असलेलीही एक जोडगोळी असते, ती गरोदर बाईनं चुकूनही घ्यायची नाही.

आणि आईला शौचाचा रंग विचारा, लाजू नका. आबा लाजले. (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते घरी बसून ठरवू नका. आमच्याकडं दाजींनी ठरवलं होतं.)