जर्मनीत दुसरं बाळंतपण, कडेवर पहिलं

तू विचारलंस ते एवढंच: नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आहे, तुला चौथा महिना चालू आहे, थोरला वीस महिन्यांचा आहे. आत्ता सोबत जावं, की आईकडे बाळंत होऊन मागाहून जावं? दोन ओळी लिहून मोकळं व्हायचा विचार होता. पोरं झोपल्यावर बसले आणि लांबतच गेलं. सगळं तुझ्या कामाचं असेलच असं नाही, काही मलाच कुठेतरी टाकायचं होतं.

व्हिसा, ब्लू कार्ड म्हणजे नोकरीसाठी राहण्याचा परवाना, पत्त्याची नोंदणी यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीतसुद्धा नीट आहे. तिथे काय नाही, ते आधी सांगते. या देशात गरोदर बाईला खूप काही मिळतं. हेबामे म्हणजे सुईण, ती बाळ झाल्यावर पहिले दहा दिवस रोज घरी येऊ शकते, पुढे बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत अधूनमधून, आणि खर्च विमा देतो. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे घरचं होत नसेल आणि घरात दुसरं करणारं कोणी नसेल, तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर सरकारी विम्यातून घरकामाला मदतनीससुद्धा मिळते. हे फार कमी जणींना माहीत असतं, मलाही उशिरा कळलं. मिळत नाही ती एकच गोष्ट: दुपारी तीन वाजता, तुला उलटी होत असताना, थोरल्याला पाच मिनिटं धरणारं माणूस. पुढचं सगळं त्याच एका गोष्टीभोवती फिरतं, असं समज.

विम्याचा विषय निघालाच आहे तर: नवऱ्याचा पगार चांगला असला की खाजगी विमा घ्या म्हणून एजंट मागे लागतात. एकट्या माणसाला तो स्वस्त वाटतो. सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, खाजगीत प्रत्येक डोक्याचा वेगळा हप्ता. त्याने सही करण्याआधी हे त्याच्या कानावर घाल.

आता कागदपत्रं. इथे माझा तोल जातो, आधीच माफ कर.

बाळ जन्मलं की श्टांडेसआम्ट नावाच्या कार्यालयातून जन्मदाखला मिळतो. त्यासाठी आई-बापाचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो. आपण म्हणतो, त्यात काय, अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का, करून आणले आहेत की. तर भारताचा अपॉस्टिल जर्मनी मानतच नाही. भारत 2005 मध्ये अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, आणि ती आजही कायम आहे. शंका आली की तुझे कागद जर्मन वकिलातीमार्फत तपासायला भारतात जातात. तिथे वकिलातीने नेमलेला वकील मूळ नोंदी बघतो, त्याची फी आपण भरायची. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपण उगाच आपल्याच सरकारच्या नावावर खपवतो.

शंका कशी आली, ते ऐक. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही. आपल्या पिढीत अनेकींचं असंच असेल: लिंग स्त्री, बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, संपलं. बारशाच्या आधीच नोंद झालेली, नंतर कोणी नाव घालायला गेलं नाही. पासपोर्टवर मात्र माझं नाव, त्याला चिकटून नवऱ्याचं नाव, मग सासरचं आडनाव. खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले, नवऱ्याच्या नावावर पेन टेकवलं आणि शांतपणे विचारलं, तुमच्या नावात हा पुरुष कोण? मी म्हटलं, हा बाहेर बाबागाडी धरून उभा आहे तो. त्या हसल्या नाहीत. आम्हाला दाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा मिळाला, त्यावर पालकांच्या ओळखीचा आणि नावाचा पुरावा पूर्ण नाही अशा अर्थाचा शेरा. नुकती बाळंत झालेली बाई, अंगावर पिणारं पोर घेऊन, मी मीच आहे हे पटवत बसली होती. उताऱ्यावर पुढची कामं झाली, अडलं असं काही नाही. पण तो शेरा आठवला की अजून माझं डोकं तापतं.

पैशांचंही सांगते, कारण यावर गैरसमज फार. एल्टर्नगेल्ड म्हणजे बाळ सांभाळण्यासाठी मिळणारा भत्ता आधीच्या पगारावर ठरतो, पण तुझा भारतातला पगार त्यात शून्य धरतात. मी कित्येक वर्षं नोकरी केली होती, इथल्या हिशेबात ती झालीच नाही. हाती येतात महिन्याला किमान 300 युरो, आणि थोरला तीन वर्षांच्या आत असेपर्यंत भावंडाचे म्हणून वर 75. नवऱ्याचा हिशेब बाळाच्या जन्माआधीच्या बारा महिन्यांवर. त्याला इथे येऊन चारच महिने झाले असतील तर चार पगार भागिले बारा. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी दोघांनी हा भत्ता एकाच वेळी घ्यायचा तर तो एकच महिना, जुळं वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. बाळ सांभाळायला नोकरीतून घ्यायच्या रजेचा अर्ज, रजा सुरू व्हायच्या सात आठवडे आधी द्यायचा. बाळाने यायची तारीख पाळली नाही तर, हे त्या अर्जात कुठे लिहायचं ते मला सापडलं नाही.

एकटेपणाबद्दल तू दोनदा विचारलंस. येतो, जातो. हिवाळ्यात जास्त येतो. याहून जास्त त्याला डोक्यावर बसवायचं नाही.

थोरल्याचं मात्र बोलू. तो दोनाचा व्हायचा होता आणि मला सातवा संपत आला होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज खालून वर येताना तो ठरलेल्या पायरीवर बसकण मारायचा आणि दोन्ही हात वर करायचा. बारा-तेरा किलोचं पोर, एका हातात सामान, पोट पुढे. मग मी त्याच्याच शेजारी बसायचे, त्याला मांडीवर चढू द्यायचे आणि आम्ही दोघं बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकायचो, मागे मागे, पाठीकडून. सामानाची पिशवी आधी वरच्या पायरीवर ठेवायची, मग आम्ही. जिन्यातला दिवा दर थोड्या वेळाने आपोआप विझायचा, आणि तो टाळ्या वाजवायचा. म्हणून नवऱ्याला म्हण, घर शहराच्या मध्यात नसलं तरी चालेल, पण लिफ्ट किंवा तळमजला बघ.

किटामध्ये म्हणजे पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क पहिल्या वाढदिवसापासून आहे, 2013 च्या ऑगस्टपासून तो कायद्यात आहे. हक्क आहे, जागा नाही, हे वाक्य तुला इथे प्रत्येक आई ऐकवेल. आल्या आल्या नाव घाल. आमची जागा नेमकी माझ्या आठव्या महिन्यात आली. इथे मूल सोडून निघून येता येत नाही. आधी सवय लावण्याचे आठवडे असतात. पहिले काही दिवस आईने कोपऱ्यात बसायचं, खेळायचं नाही, बोलवायचं नाही, नुसतं असायचं. मग काही मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास. पद्धत चांगली आहे, मनापासून सांगते. पण बसायला असते ती मुलांची खुर्ची, माझ्या गुडघ्याइतकी उंच. त्यावरून उठायला मला खिडकीच्या कट्ट्याला धरावं लागायचं, आणि मी उठले की तो धावत येऊन पायाला मिठी मारायचा.

बाकीच्या मुलांचं उरकलं, त्याचं लांबलं. शेवटी किटातल्या बाईंनी बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, कधी कधी मूल तयार असतं, आईच सोडायला तयार नसते. मी मान डोलावली. माझं जर्मन तेव्हा मान डोलावण्यापुरतंच होतं. आज मला त्यांच्याच भाषेत चांगलं सुनावता येईल: बाई, त्याचं घर सुटलं, आजी सुटली, आई दिवसेंदिवस फुगते आहे आणि वाकत नाही, त्याने चिकटायचं नाही तर काय करायचं? थोरला आता तिथे उड्या मारत जातो, मला बाय करायलाही विसरतो. त्या बाई भेटल्या की हसून बोलतात. मीही हसते. मनात ते वाक्य तसंच आहे.

आता आजीचा विषय, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. तुझी आई किंवा सासूबाई येतील त्या शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांच्या व्हिसावर: कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. बाळंतपणासाठी म्हणून वाढवून मिळेल या भरवशावर राहू नकोस. त्या 90 दिवसांचं काय करायचं हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला वाद आहे. आधी बोलवावं तर नंतरचे दिवस कमी पडतात, आणि खरी ओढाताण नंतरच असते: धाकटं दूध पितंय आणि थोरल्याला तेव्हाच शी लागते. म्हणून आम्ही दिवस नंतरसाठी राखले. आईचं तिकीट दिलेल्या तारखेच्या जरासं आधीचं काढलं. धाकटी त्याच्याही आधी आली.

रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा घरात आम्ही तिघंच. दोनाच्या आतल्या पोराला प्रसूतिकक्षात नेता येत नाही. शेजारी चांगले होते, पण त्याने त्यांच्याकडे कधी घटकाभर काढली नव्हती, आणि रात्री जागा होऊन तो अनोळखी माणूस बघेल हे दोघांनाही झेपेना. नवरा घरी थांबला. मी टॅक्सीने गेले. सुईण पहिल्यांदाच बघत होते, तिचा हात घट्ट होता, सगळं सुखरूप झालं. पण मी चार महिन्यांचं पोट घेऊन, थोरल्याला आजीच्या कुशीतून उचलून इथे का आले होते? नवऱ्याचं हे बाळंतपण चुकू नये म्हणून. आमच्या आख्ख्या निर्णयाचं कारण तेवढं एकच होतं. आणि तो तीन स्टॉपवर असलेल्या घरात, फोन हातात घेऊन, झोपलेल्या पोराजवळ बसला होता. लोकांना तो कौतुकाने सांगतो, हिने एकटीने निभावलं. त्याच्या मनात कौतुकच असतं. मला ते ऐकवत नाही आणि का ऐकवत नाही ते त्याला सांगताही येत नाही. इतर कोणाला सांगितलेलं नाही, तू विचारलंस म्हणून लिहिलं गेलं.

आई आली, राहिली, थोरला तिच्याशिवाय झोपेना असा झाला, आणि दिवस संपले. ती गेली त्या दिवशी खोटं कशाला बोलू, संध्याकाळी मला सुटल्यासारखं वाटलं, एकाच स्वयंपाकघरातल्या दोन बायका सुटल्या म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने प्रत्येक खोलीचं दार उघडून बघितलं. त्यानंतरचे तीन महिने मला सलग आठवत नाहीत.

तर, जावं की थांबावं? 28 व्या आठवड्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात, 36 नंतर नेत नाहीत. तू चौथ्यात आहेस, म्हणजे हातात वेळ आहे, फार नाही. नवऱ्याचं घर, विमा आणि त्याचा थोडाफार जम पुढच्या दोन महिन्यांत बसत असेल तर ये. साखरेची तपासणी 24 ते 28 आठवड्यांत असते, ती नेमकी सामानाच्या धांदलीत राहून जाते, तेवढी बघ. रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट आणि थोरल्याचं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेव. गोवराची लस झाल्याचा पुरावा नसेल तर किटा घेत नाही, 2020 पासून तसा कायदा आहे. दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून डॉक्टर चमकले तर घाबरू नकोस, इथे ती लस 1998 पासून सरसकट देत नाहीत.

घर अजून ठरलं नसेल, तो महिनाभराच्या भाड्याच्या खोलीत राहणार असेल, तर बिनधास्त आईकडे बाळंत हो आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की दोघांना घेऊन ये. नवऱ्याला वाईट वाटेल. वाटू दे.

आलीसच तर हेबामे आणि मुलांचे डॉक्टर पहिल्याच आठवड्यात शोधायला लाग, बरेच डॉक्टर नवीन मुलं घेत नाहीत. आणि त्या रात्री थोरल्यापाशी कोण येणार, ते माणूस ठरव. किटातल्या एखाद्या मुलाची आई चालेल, वरच्या मजल्यावरचं जोडपं चालेल. पण त्यांच्याकडे त्याला आधी चार-सहा वेळा खेळायला सोड, तू तिथे नसताना. आणि जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे का ते आजच बघ. नसेल तर घालून घे, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे ना तेही बघ. हे काम तिथे असतानाच होतं, इथून फोनवर करायला गेलीस तर बाबांना हेलपाटे पडतील.