‘पिंक मून’चं शीर्षकगीत माझ्या गिटारवर रेकॉर्डसारखं का वाजत नाही?
स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये (जाड तारेकडून ई-ए-डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारचे नेहमीचे सूर) ते तसं वाजणारच नाही. इंग्रज गायक-गीतकार निक ड्रेकच्या १९७२च्या या अल्बममधल्या शीर्षकगीताला जाड तारेकडून सी-जी-सी-एफ-सी-ई ट्यूनिंग आणि दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लागतो. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार चार सेमीटोन उतरवा (एका फ्रेटचं अंतर म्हणजे एक सेमीटोन). पाचवी, चौथी, तिसरी दोन-दोन. दुसरी मात्र एक सेमीटोन चढवायची (ओघात तीही उतरवली जाते, घोळ तिथेच होतो), पहिली तशीच. ढिली पडलेली सहावी तार फ्रेटवर खरखरते, ०.०५३ऐवजी ०.०५६ इंची तार घाला, अंगठा हलका ठेवा. कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासा. आणि रेकॉर्डवर दुसरी गिटार शोधत बसू नका: आवाज, एकच गिटार, वर थोडा पियानो, बस्स.