बोडियमचा किल्ला: आधी खंदकाची फेरी, मग आतले अवशेष

आपण विचारले आहे की, उन्हाळ्यात आई-वडील लंडनला येणार असून वडिलांनी सह्याद्रीतले पुष्कळ गड पायी पाहिलेले आहेत. अशा माणसाला पूर्व ससेक्समधील बोडियमचा किल्ला दाखवण्यात अर्थ आहे का, की "छायाचित्रात सुंदर, आत मात्र रिकामा" हा शेरा खरा मानून तो दिवस दुसरीकडे घालवावा? शेरा खोटा नाही. आतल्या चौकाभोवतीच्या दालनांवर आज छप्पर नाही, सामानसुमान नाही आणि राजवाड्यात असतात तशी सजवलेली दालनेही नाहीत. तरीही बोडियम अवश्य दाखवावा, असेच मी म्हणेन. अट एवढीच की, तिकीट काढताच थेट पुलावरून आत शिरू नये. आधी खंदकाच्या काठाने संपूर्ण फेरी मारावी, कारण या किल्ल्यात पाहण्यासारखी मुख्य गोष्ट त्याच्याभोवतीचे पाणी हीच आहे.

वडिलांना आधीच सांगून ठेवावे की, येथे डोंगर नाही. रॉदर नदीच्या सखल खोऱ्यातला हा भुईकोट आहे आणि त्याची तुलना करायचीच तर ती राजगडाशी न करता परांडा किंवा अहमदनगर यांसारख्या खंदक असलेल्या कोटांशी करावी. तीही आकाराच्या बाबतीत करू नये, कारण परांड्यापुढे बोडियम अगदीच लहान आहे. चौकोनी तट, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, मधल्या बाजूंना चौकोनी बुरूज, उत्तरेला जोडबुरुजांचा मुख्य दरवाजा आणि दक्षिणेला मागचा लहान दरवाजा, एवढाच त्याचा आराखडा आहे. बालेकिल्ला नाहीच. मधला चौक मोकळा असून दालने तटाला आतून चिकटलेली होती.

हा किल्ला सर एडवर्ड डॅलिनग्रिज या सरदाराने बांधला. फ्रान्सबरोबरच्या शंभर वर्षांच्या युद्धात सर रॉबर्ट नॉलीस यांच्या हाताखाली त्याने लढाया केल्या आणि पैसा मिळवला. बोडियमची जहागीर मात्र त्याला एलिझाबेथ वॉर्ड्यू हिच्याशी झालेल्या विवाहातून मिळाली. त्या काळी तटावर चर्या, म्हणजे माथ्यावरचे खाचेदार कठडे, बांधायच्या तर राजाची परवानगी घेण्याची रीत होती. दुसऱ्या रिचर्डने ऑक्टोबर 1385 मध्ये ती दिली आणि तिच्यात आसपासच्या मुलखाचे रक्षण व शत्रूचा प्रतिकार हे कारण नोंदवले. कारण पोकळ नव्हते. 1377 मध्ये फ्रेंचांनी राय हे बंदर जाळले होते, 1380 मध्ये विंचेल्सीवर हल्ला झाला होता आणि रॉदर नदीतून बोडियमपर्यंत नावा येत असत. मुख्य दरवाजावर वॉर्ड्यू, डॅलिनग्रिज आणि रॅडिंडन या तीन घराण्यांची मानचिन्हे कोरलेली आहेत, तर मागच्या दरवाजावर नॉलीस यांचे चिन्ह आहे. सासरची दौलत पुढे आणि जुन्या सेनापतीचे ऋण मागे, अशी ती मांडणी पाहून मला दर वेळी थोडी गंमत वाटते.

आता खंदकाविषयी. तो झऱ्यांच्या पाण्याने भरतो आणि त्यांतले काही झरे खंदकाच्या तळाशीच आहेत. पाणी सरासरी दीड मीटरच्या आसपास खोल आहे. म्हणजे हत्यारबंद माणसाला अडवायला पुरेसे, पण अथांग मुळीच नाही. रुंदी मात्र एवढी आहे की, वारा पडलेला असताना सबंध किल्ला पाण्यात उलटा दिसतो. येथूनच अभ्यासकांचा वाद सुरू होतो. पाणी अडवणारा मातीचा बांध शत्रूने फोडला असता तर खंदक सहज रिकामा झाला असता. पूर्वेच्या प्रार्थनामंदिराची मोठी खिडकी थेट बाहेरच्या बाजूला उघडते. आणि मुख्य दरवाजावर बंदुकांसाठी कुलपाच्या भोकासारख्या जंग्या, म्हणजे मारा करण्याची छिद्रे, असली तरी मागच्या बाजूची तयारी तेवढी कडक वाटत नाही. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की, हा खरा किल्ला नसून किल्ल्याचे रूप घेतलेला श्रीमंत वाडा आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जमिनीच्या पाहणीने या मताला जोर आला, कारण किल्ल्याभोवती तळ्यांची सारी मालिका मुद्दाम आखलेली होती आणि उत्तरेच्या उंचवट्यावर हे दृश्य पाहण्यासाठीच केलेली जागा असावी, असे त्या पाहणीतून पुढे आले. 2010 नंतर साउथहॅम्प्टन आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी येथे पुन्हा काम केले. किल्ला की देखावा, हा प्रश्नच अपुरा असून गिरणी, बंदर, शेते आणि तेथे राबणारी माणसे यांच्यासह हा परिसर वाचला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

माझे स्वतःचे मत असे की, चौदाव्या शतकातल्या सरदाराने संरक्षण आणि दिमाख यांत आपल्यासारखी रेघ ओढली नसती. याचा पुरावा खंदकावरच मिळतो. आज आपण उत्तरेकडून सरळ पुलावरून आत जातो. मूळ वाट तशी नव्हती. ती पश्चिमेच्या काठावरून निघून पाण्यातल्या अष्टकोनी बेटावर येत असे, तेथे काटकोनात वळून पुढच्या चौकीत शिरत असे आणि त्यानंतरच मुख्य दरवाजा येई. म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्याची उजवी बाजू, जिच्यावर ढाल नसते, ती किल्ल्याकडे उघडी पडे. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजांची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला यामागचे डोके लगेच कळेल. पण याच वळणामुळे पाहुण्याला किल्ला पाण्यापलीकडून बराच वेळ निरखता येत असे, हेही खरे आहे. तेव्हा पश्चिमेच्या काठावर उभे राहून ही जुनी वाट डोळ्यांनी आखावी आणि वडिलांना पुढचे काही सांगू नये. ते स्वतःच बोलू लागतील.

पाण्याच्या शोभेबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. किल्ल्यात तिसाच्या आसपास शौचकूप आहेत आणि ते सगळे सरळ खंदकात उतरतात. आज ज्या पाण्यात कमळे आणि धष्टपुष्ट कार्प मासे दिसतात, ते पाणी त्या काळी उन्हाळ्यात कसे असेल, याची कल्पना करून पाहावी.

फेरी पूर्ण झाल्यावर आत शिरताना मुख्य दरवाजात वर पाहावे. वरून खाली सोडायचा, लोखंडाने मढवलेला लाकडी जाळीदार दरवाजा अजून जागेवर आहे. इंग्लंडमध्ये असे जुने दरवाजे फार थोडे टिकले आहेत. त्याच्या बाहेर, माथ्यावर पुढे काढलेल्या दगडी सज्जातली भोके दिसतात. दरवाजाला भिडलेल्या शत्रूवर वरून दगड टाकता यावेत, यासाठी ती ठेवलेली आहेत.

चौकात आल्यावर बहुतेक लोक एकदा गोल फिरून बाहेर पडतात आणि मग "आत काही नाही" असे सांगतात. येथे जमिनीकडे न पाहता भिंतींकडे पाहावे लागते. भिंतीच्या मध्यावर लटकल्यासारखी चूल दिसली की तेथे वरचा मजला होता असे समजावे. ओळीने खाचा दिसल्या की तेथे तुळया होत्या. दक्षिणेला मोठ्या दिवाणखान्याच्या टोकाशी एका रांगेत तीन कमानी आहेत. दोन बाजूच्या कमानी पेये आणि पाव ठेवण्याच्या खोल्यांच्या, तर मधली मुदपाकखान्याकडे जाणाऱ्या बोळाची. मुदपाकखान्यातल्या दोन प्रचंड चुली पाहिल्या म्हणजे पंगत किती मोठी असेल हे कळते. नैऋत्येच्या बुरुजाच्या तळाशी विहीर आहे आणि त्याच बुरुजाच्या माथ्यावर कबुतरखाना होता. कबुतरे अर्थातच खाण्यासाठी पाळलेली. पूर्वेची दालने धन्याची, पश्चिमेची चाकर-शिपायांची, अशी वाटणी सर्वसाधारणपणे मानली जाते. एवढे सगळे उभारून डॅलिनग्रिज 1393 च्या सुमारास वारला, म्हणजे हे वैभव त्याला फार वर्षे लाभले नाही.

किल्ला लढाईत पडला नाही. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात त्याचा मालक राजाच्या बाजूचा होता. दंड भरण्यासाठी त्याला तो विकावा लागला आणि त्यानंतर आतल्या इमारती मोडल्या गेल्या. पुढची दोनशे वर्षे आयव्हीच्या वेलींनी झाकलेले हे अवशेष चित्रकारांना आवडत राहिले, पण दगड विकून टाकण्याचा धोका होताच. तो जॉन फुलर या धनिकाने 1828 मध्ये 3,000 पौंडांना किल्ला विकत घेऊन टाळला. या फुलरच्या घराण्याची संपत्ती जमैकातल्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती आणि तो स्वतः गुलामगिरीचा उघड समर्थक होता, हे त्याचे आभार मानताना विसरू नये.

मराठी माणसाला खरा धक्का बसतो तो पुढच्या काळातल्या एका मालकाच्या नावाने. 1917 मध्ये हा किल्ला लॉर्ड कर्झन यांनी विकत घेतला. होय, बंगालची फाळणी करणारे तेच व्हाइसरॉय, ज्यांच्या कारभाराची तुलना गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षीय भाषणात औरंगजेबाशी केली होती. याच कर्झन यांनी 1904 मध्ये हिंदुस्थानात प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा आणला आणि परतल्यावर इंग्लंडमधले पडके किल्ले वाचवण्याचा ध्यास घेतला. लिंकनशायरमधला टॅटरशॉल हा विटांचा किल्ला त्यांनी त्याआधीच वाचवला होता. बोडियमला त्यांनी 1919 पासून खंदक कोरडा करून गाळ काढला, जुन्या पुलांचे अवशेष उघडे केले, वेली उतरवल्या आणि ढासळते तट सावरले. 1925 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राप्रमाणे किल्ला ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. त्यांनी कल्पनेने छपरे चढवली नाहीत, पडके ते पडकेच ठेवले, हे मला त्यांच्या बाजूने नोंदवावेसे वाटते. राजकारणातला माणूस आणि दगड जपणारा माणूस एकच होता, हे पचवायला जड जाते खरे.

जाण्याच्या सोयीविषयी थोडक्यात. चेरिंग क्रॉसहून हेस्टिंग्जच्या गाडीने रॉबर्ट्सब्रिजला उतरावे. तेथून किल्ला सुमारे 5 मैल आहे आणि टॅक्सी आधी ठरवून ठेवावी लागते, कारण खेड्यातल्या स्थानकाबाहेर ती उभी असेलच असे नाही. स्वतःची मोटार असेल तर आणखी चांगला पर्याय म्हणजे टेंटर्डनपर्यंत जाऊन तेथून केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेच्या वाफेच्या गाडीने बोडियमला येणे. ही जुनी रेल्वे ठरावीक दिवशीच धावते, तेव्हा तिचे वेळापत्रक पाहूनच तारीख पक्की करावी. बोडियमच्या छोट्या स्थानकावरून नदीचा पूल ओलांडून थोड्याच वेळात पायी किल्ल्याशी पोहोचता येते. वाटेवर 1940 मधला काँक्रीटचा बंदुकीचा मोर्चा दिसेल. साडेपाचशे वर्षांनंतरही समुद्राकडून येणाऱ्या शत्रूला याच पुलापाशी अडवण्याचा बेत होता.

खंदकाभोवतीची वाट जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे आईंचे गुडघे दुखत असतील तरी फेरी जमेल. बुरुजांतले गोल जिने मात्र अरुंद, उंच पायऱ्यांचे आणि अंधारे आहेत. तेथे वडिलांनी एकट्याने जावे आणि उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी. मुख्य दरवाजा उत्तरेला असल्याने दिवसाचा बराच वेळ सावलीत असतो, म्हणून छायाचित्रांसाठी सकाळी आग्नेय काठ आणि दुपारनंतर नैऋत्य काठ निवडावा. त्याच दिवशी जवळचे बॅटल ॲबी, म्हणजे 1066 च्या लढाईची जागा, उरकण्याचा मोह होईल. तो टाळून बॅटलसाठी वेगळा दिवस ठेवावा. महिनाभरात नॅशनल ट्रस्टच्या आणखी दोन-तीन वास्तू पाहायच्या असतील तर सुटी तिकिटे काढण्याआधी परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा पास मिळत असल्यास त्याची किंमत आणि मुदत एकदा ताडून पाहावी.