सोलर लावल्यावर बिल अपेक्षेइतकं उतरत नसेल तर आधी एपीएफसीचा सीटी बघा

८० किलोवॉटचा सोलर प्लँट, दिवसाचा लोड साधारण १०० किलोवॉट, ॲपवर युनिटं भरपूर, तरी महावितरणचं बिल सांगितलं होतं तेवढं उतरत नाही आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.९७ वरून ०.८९ वर आला, असं तुम्ही लिहिलंय. हा त्रास आम्ही पुरेपूर भोगलाय. नेट मीटर, मंजूर भार वगैरे नीट आहे असं धरून पुढचं सांगतो. एपीएफसी म्हणजे पॉवर फॅक्टर सांभाळायला कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं पॅनेल, रिले हा त्याचा मेंदू आणि सीटी म्हणजे रिलेला करंट दाखवणारा करंट ट्रान्सफॉर्मर.

इन्व्हर्टर सहसा शुद्ध किलोवॉट देतो. मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी रिॲक्टिव्ह पॉवर मात्र पूर्वीसारखी ग्रिडमधूनच येत राहते. १०० किलोवॉट लोड ०.९७ वर असेल तर ती साधारण २५ केव्हीएआर (रिॲक्टिव्हचं माप). दुपारी सोलरने ७० किलोवॉट उचलले की ग्रिडमधून ३० किलोवॉट आणि तेच २५ केव्हीएआर येतात, म्हणजे दोन्ही मिळून ३९ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.७७. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. २० किलोवॉटवरच्या एलटी (लो टेन्शन) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए गुणिले तासांवर बिल येतं, त्यामुळे लो पॉवर फॅक्टरचा दंड आता वेगळ्या ओळीत दिसत नाही, तो युनिटांतच मुरलेला असतो. रिॲक्टिव्ह ५ केव्हीएआरवर आणली तर त्याच तासाला ३९ ऐवजी साडेतीस युनिटं लागतील. रोज असे पाच तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर हजारावर युनिटं होतात. आपला दर लावून बघा.

आता चूक कुठे होते ते. एपीएफसी रिलेचा सीटी बहुधा जुन्या जागी, लोडच्या फीडरवर राहतो आणि सोलर त्याच्या वर, मीटरच्या बाजूला जोडला जातो. रिलेला १०० किलोवॉट, ०.९७ दिसतं आणि तो निवांत बसतो. सीटी मीटरच्या लगेच नंतर, सोलर जोडणीच्या आधी हवा. पण तेवढ्याने भागत नाही. जेवणाच्या सुट्टीत वीज उलटी ग्रिडकडे जायला लागली की साधा टू-क्वाड्रंट रिले (वीज फक्त ग्रिडकडून येते असं धरणारा) लॅगला (रिॲक्टिव्ह ओढली जातेय) लीड (कपॅसिटर जास्त झालेत) समजून कपॅसिटर सोडून देतो. दोन्ही दिशा ओळखणारा फोर-क्वाड्रंट रिलेच घ्या. ४००/५ चा सीटी (४०० अँपिअरला ५ अँपिअर दाखवणारा) असेल तर दुपारचा करंट इतका कमी दिसतो की काही रिले अंडरकरंटवर सगळ्या स्टेप्स (कपॅसिटरचे टप्पे) काढतात, तेव्हा किती कमी करंटवर तो काम करतो हे विकत घेण्याआधी विचारा. आणि २५-२५ केव्हीएआरच्या बँका असतील तर २, ३, ५ च्या छोट्या स्टेप्स वाढवाव्या लागतील. जास्त कपॅसिटर लागून लीड झालं आणि मीटर लीडही मोजत असेल तर पुन्हा तोटाच. ड्राइव्ह (मोटारींचा वेग बदलणारी उपकरणं) बरेच असतील तर डिट्यून्ड रिॲक्टर (ड्राइव्हमुळे विजेत येणाऱ्या विकृतीपासून कपॅसिटर वाचवणारी कॉइल) लावा, नाहीतर कपॅसिटर फुगतात.

सीटी हलवताना मेन बंद ठेवा, सीटीची सेकंडरी (रिलेकडे जाणारी बाजू) कधीही उघडी सोडू नका. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

सर्वांत जास्त नुकसान मात्र टोलवाटोलवीने झालं. बसवणारा म्हणाला, एपीएफसी आमच्या कामात नाही. महावितरणच्या कार्यालयात म्हणाले, मीटर बरोबर आहे, आणि लोड सर्व्हे देण्यात महिने घालवले. आजही आठवलं की संताप येतो. तो लोड सर्व्हे म्हणजे मीटरची दर पंधरा किंवा तीस मिनिटांची नोंद. तो लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या आणि सकाळी ११ ते २ मधला पॉवर फॅक्टर बघा. महिन्याच्या सरासरीत दुपारची घसरण लपते. नवीन प्लँट घेणाऱ्यांनी 'ग्रिड मीटरवर पॉवर फॅक्टर ०.९८ च्या खाली जाणार नाही' ही अट वर्क ऑर्डरमध्येच घालावी, शेवटचा हप्ता त्यावर अडकवावा. माझं मत कडक वाटेल, पण याशिवाय कोणी परत येत नाही.

परताव्याचं गणितही पुन्हा करा. एकूण बिल भागिले युनिट हा दर धरणारं कोटेशन फुगलेलं असतं, कारण स्थिर आकार सोलरने जात नाही आणि डिमांड (महिन्यातली कमाल ओढ) तर एखाद्या ढगाळ दुपारी किंवा संध्याकाळच्या शिफ्टला पूर्वीइतकी चढतेच. टीओडीमध्ये (वेळेनुसार बदलणारे दर) दुपारचे तास स्वस्त आणि संध्याकाळचे महाग आहेत, दुपारची शिल्लक संध्याकाळच्या महाग युनिटांतून वजा होईल असं धरू नका. आदेश बदलत राहतात, ताज्या बिलावरचे स्लॉट बघा. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटं ठीक, पण पावसाळ्यात खूप कमी.

घसारा ४० टक्के मिळतो. आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्याचा निम्मा, त्यामुळे प्लँट उशिरात उशिरा ऑक्टोबर लागताच सुरू व्हायला हवा. सीएला विचारूनच ठरवा. रिलेच्या डिस्प्लेचा फोटो आणि सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा साधा नकाशा) टाका, सीटी नेमका कुठे आहे ते बघून सांगतो.