विमानतळावर गांजा आणि डिक्लेअर न केलेल्या सिगारेटी सापडल्या, तर शिक्षा किती होते?

तुमचा मावसभाऊ बँकॉकहून परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. बॅगेत साडेतीन किलो ‘हायड्रो’ (मातीऐवजी पाण्यात वाढवलेला) गांजा आणि सिगारेटींची चार कार्टन होती, आणि ग्रीन चॅनलमधून (काही डिक्लेअर करायचं नसलेल्यांच्या वाटेने) जाताना त्याने काहीच डिक्लेअर केलं नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. किती वर्षं आत जावं लागेल, सिगारेटींमुळे शिक्षा वाढेल का, दंड भरून सुटका होईल का, हे तुमचे प्रश्न. मी वकील आहे आणि एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेस चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. दंड भरून मिटलं तर सिगारेटींचं प्रकरण मिटेल. गांजाचं मिटणार नाही.

एनडीपीएस कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. गांजासाठी १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर कमर्शियल (व्यापारी प्रमाण), आणि या दोन्हींच्या मधलं ते मधलं प्रमाण. परदेशातून माल आणला की कलम २३ लागतं. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कमर्शियलला मात्र किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि दंड एक ते दोन लाख. हायड्रो गांजा बाजारात कितीही महाग असला तरी कायद्याच्या लेखी तो गांजाच. त्यामुळे साडेतीन किलो मधल्या प्रमाणात बसतो. त्याच बॅगेत एमडीएमएच्या (‘एक्स्टसी’ या नशेच्या) गोळ्या असत्या, तर १० ग्रॅमच्या पुढे किमान दहा वर्षं ठरलेली होती. कोकेनला ही मर्यादा १०० ग्रॅम आहे, हेरॉईनला २५० ग्रॅम.

म्हणून पंचनाम्याची प्रत हातात आली की आधी वजनाचा परिच्छेद वाचा. पाकिटांना क्रमांक दिलेले असतात. व्हॅक्यूम पाकिटासकट ढोबळ वजन वेगळं, आतल्या मालाचं निव्वळ वजन वेगळं. निव्वळ वजन लिहिलेलंच नसेल, किंवा मॅजिस्ट्रेटसमोर कलम ५२अ प्रमाणे नमुने काढतानाचा आकडा पंचनाम्याशी जुळत नसेल, तर ते लगेच वकिलाला दाखवा. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवाय असलेली नुसती पानं आणि बिया व्याख्येत येत नाहीत, म्हणून केमिकल अनॅलायझरच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय तेही बघावं लागतं. हेरॉईनसारख्या पावडरच्या बाबतीत मात्र भेसळीचं वजन वजा होत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात तसं स्पष्ट केलंय.

आता सिगारेटी. प्रवाशाला १०० सिगारेटी ड्युटी न भरता आणता येतात आणि एका नेहमीच्या कार्टनमध्येच २०० असतात. चार कार्टन म्हणजे ८००. कस्टम्स त्या जप्त करेल, वर पेनल्टी लावेल. कस्टम्स कायद्याच्या कलम १३५ खाली खटला भरायचा तर कमिशनरची मंजुरी लागते, आणि माल एक कोटीच्या वर किंवा बुडवलेली ड्युटी पन्नास लाखांच्या वर अशा मोठ्या प्रकरणांत सात वर्षांपर्यंत, इतर साध्या प्रकरणांत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चार कार्टनसाठी गोष्ट सहसा तिथवर जात नाही. पण ‘पेनल्टी भरली, आता खटला कसा?’ हा युक्तिवाद चालत नाही. १९४९ मध्ये सांताक्रूझ विमानतळावर न सांगता आणलेल्या सोन्याच्या प्रकरणात, मकबूल हुसेन खटल्यात, सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्येच सांगितलं की कस्टम्सची जप्ती म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा नव्हे.

सिगारेटींची खरी अडचण वेगळीच आहे आणि घरच्यांच्या ती लक्षात येत नाही. अशा केसमध्ये बहुतेकांचा बचाव एकच असतो: बॅग दुसऱ्याने दिली, आत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. कायदा इथे आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरून चालतो (कलम ३५ आणि ५४), आणि ते गृहीतक खोडायचं ओझं जड आहे. आता सिगारेटी त्याच्या स्वतःच्या, त्याच बॅगेत, सोबत त्याच्या नावाची ड्युटी फ्रीची पावती, तर बॅग त्यानेच भरली हे सरकारी वकिलाला आयतं मिळतं. त्या वेगळ्या बॅगेत होत्या का, हे आजच विचारून घ्या.

तरी सगळं संपलं असं नाही. आधी ताबा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाचीच. अमृतसरच्या विमानतळावर द्राक्षांच्या खोक्यात हेरॉईन सापडल्याच्या नूर आगा प्रकरणात पुरावा हाताळण्यातल्या त्रुटींवर आरोपी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टातून सुटला. आणि अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेला कबुलीजबाब २०२० च्या तूफान सिंग निकालानंतर कबुली म्हणून वापरता येत नाही.

मधल्या प्रमाणाला किमान शिक्षा नाही, हे तुमच्या भावाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. जामिनाला कलम ३७ च्या कडक अटी लागत नाहीत, फक्त २७अ हे पैसा पुरवण्याचं कलम लावलंय का ते पाहा, कारण ते लागलं की त्या अटी येतात. दोषी ठरला तर न्यायाधीश वय, आधीचा गुन्हा आहे का, टोळीत त्याची भूमिका काय, हे बघू शकतात. कमर्शियलमध्ये दहा वर्षांच्या खाली यायची मुभाच नसते, मग समोर तिकिटाच्या पैशांसाठी बॅग वाहणारा पोरगा असो की माल पाठवणारा. हा मला या कायद्यातला उघड अन्याय वाटतो आणि मी तो कोर्टातही बोलून दाखवतो. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका) मात्र अठरा वर्षांवरच्या आरोपीला अशा गुन्ह्यात नाही, आणि कलम ३२अ मुळे शिक्षेत सरकारी माफीही नाही.

दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकून घेतात. ‘दया करावी’ एवढंच म्हणून ती संधी घालवू नका. आईवडिलांचे दवाखान्याचे कागद, नोकरीचा दाखला, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आधीच जमवून ठेवा. एकाहून जास्त कलमांत दोषी ठरला तर शिक्षा एकत्र भोगायच्या, हे आदेशात स्पष्ट लिहून मागा. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, पण दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून नाही. म्हणून दंडाची रक्कम निकालाच्या दिवसापर्यंत तयार असू द्या.