तुमचे प्रश्न : अल्फा, थीटा आणि भजनातली तंद्री

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, वय ४८, पुण्यात आयटीत आहे. झोप नीट लागत नाही म्हणून मुलीने एक ॲप टाकून दिलं, हेडफोन लावायचे आणि 'थीटा वेव्ह्ज' ऐकत पडायचं. आता ते वर्षाचे पैसे मागतायत. याने मेंदू खरंच थीटात जातो का, भरू का पैसे?
– एक वाचक, पुणे

नका भरू. मेंदूच्या लहरी, म्हणजे मेंदूतल्या बारीक विजेचे चढउतार, खऱ्याच आहेत, जर्मनीत येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून त्या पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये छापल्या. आजही ईईजी, म्हणजे या लहरींचा आलेख, काढायला गेलात तर तेच दिसतं. डोक्याला गार चिकट पेस्ट लावून वीसेक तारा बसवतात, टेक्निशियन म्हणतो डोळे मिटा, आणि लगेचच डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर सेकंदाला दहाच्या आसपास अशा एकसारख्या लाटा ओळीने यायला लागतात, हाच तो अल्फा. डोळे उघडा म्हटलं की बहुतेकांच्या लाटा तिथल्या तिथे विरतात. म्हणजे अल्फासाठी डोळे मिटून स्वस्थ बसलात तरी पुरतं.

थीटा म्हणजे सेकंदाला ४ ते ८, आणि ती डुलकी लागताना आपोआपच वाढते. ॲपवाले मात्र असं सांगतात की थीटा ऐकवली की झोप येईल, आणि तिथेच खरी गोम आहे. एका कानात २०० हर्ट्झचा (सेकंदाला २०० कंपनांचा) सूर आणि दुसऱ्यात २०६ चा सोडला तर मधल्या ६ च्या फरकाचे ठोके ऐकू येतात, याला बायनॉरल बीट्स म्हणतात, हे १९ व्या शतकापासून माहीत आहे. पण मेंदूची लहर त्या ६ च्या मागोमाग जाते का, यावर अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत ऑपरेशनआधीची भीती थोडी कमी झालेली दिसली, तेव्हा तुम्हाला ऐकून बरं वाटत असेल तर फुकटातलं खुशाल ऐका, फक्त गाडी चालवताना नको. आणि अमुक लहर चांगली नि तमुक वाईट असं काही डोक्यात धरू नका. डेल्टा ही सगळ्यात संथ लहर गाढ झोपेत हवीच असते, पण तीच जाग्या मोठ्या माणसात सारखी दिसली तर न्यूरॉलॉजिस्ट पुढच्या तपासण्या सांगतो. शिवाय काही ठिकाणी ट्रान्ससाठी, म्हणजे तंद्री लागावी म्हणून, उघडझाप करणाऱ्या लाइटचे गॉगल देतात, घरात कुणाला फिट येत असतील तर त्यांना ते अजिबात लावू देऊ नका, अशा प्रकाशाने काही जणांना फिट येऊ शकते.

तुमची झोप आठवड्यातून तीन रात्री तरी बिघडतेय आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललंय असं असेल तर तो निद्रानाश आहे आणि त्यावर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणं, हा पहिला उपचार आहे. ॲपचे पैसे तिकडे लावा. उठायची वेळ रविवारीही बदलायची नाही, हे मात्र आजपासूनच सुरू करा.

प्रश्न : माझी आई भजनी मंडळात आहे. टाळ वाजवत दोन-दोन तास डोळे मिटून डोलते, हाक मारली तरी ऐकू जात नाही, नंतर म्हणते गुडघे दुखायचे थांबले. हा ट्रान्सच का? काळजी करू का?
– एक वाचक, बार्शी

हो, तंद्रीच आहे ती, आणि चांगली आहे, आईंना थांबवू नका. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक फार सुंदर अभ्यास छापला होता, लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्रही, तर दोन्हीत श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तरतरीत झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एकच. आता आईंचं भजन आठवा, बुवांनी चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी तो लांबवून झेलायचा, 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' चा गजर चढत जातो आणि ओळ संपेपर्यंत मध्ये श्वास घेता येत नाही, म्हणजे उच्छ्वास लांबतो, तोही न मोजता आणि सगळ्यांचा एकदम. मला तर यातला एकत्र असण्याचा भागही तेवढाच मोलाचा वाटतो, हेडफोनमध्ये तो मिळत नाही.

दुखण्याचं म्हणाल तर १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छीना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचे ईईजी काढले होते, त्यातल्या दोघांनी ४ अंशांच्या पाण्यात पाऊण तासाच्या वर हात ठेवला तरी त्यांचा अल्फा, म्हणजे स्वस्थ बसल्यावरची ती लहर, टिकून होता. लक्ष पूर्ण गुंतलं की वेदना कमी टोचते. पण गुडघ्याची झीज काही त्याने भरत नाही, भजनाला खुर्ची द्या आणि गुडघे एकदा दाखवून घ्या.

प्रश्न : आमच्या वहिनींच्या अंगात येतं. आधी फक्त नवरात्रात देवळात यायचं, आता घरीही येतं. ढोंग आहे का?
– एक वाचक, सातारा

ढोंग म्हणून हिणवू नका, त्या अवस्थेत त्यांना स्वतःवर ताबा खरंच नसू शकतो. देवळात, ठरल्या वेळी येतं आणि नंतर त्या आपल्या कामाला लागतात, तोवर डॉक्टरी भाषेत तो आजार नाही. घरी, नको असताना, वरचेवर यायला लागलं, त्याने रोजचं जगणं अडायला लागलं तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि त्याआधी त्यांना एकटीला शांतपणे विचारा की घरात कसला ताण आहे, कारण तो तोंडाने बोलता आला नाही की असा बाहेर येतो हे मी पेशंटमध्ये खूपदा पाहिलंय. फिटचा आजार नाही ना, हेही तपासून घ्या. कुणी उतरवून देतो म्हणून मारझोड करायला निघाला तर सरळ पोलिसांत जा, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.